थेरोपोडा कुणाला म्हणायचं? सुरुवातीच्या मांसाहारी डायनोसॉरांच्या गटांची नावं आणि व्याख्या

दगडफूल

मंडळी, मांसाहारी डायनोसॉरांवरचं काहीही वाचायला घेतलं की पहिल्या दोन पानांतच नावांची गर्दी होते. थेरोपोडा, निओथेरोपोडा, सेराटोसॉरिया, सीलोफायसॉइडिया, अ‍ॅव्हेरोस्ट्रा, हेरेरासॉरिडी. बरेच जण ही नावं ओलांडून थेट दात-नखांकडे जातात. मला मात्र ही नावं ठरतात कशी, हाच भाग सगळ्यात रोचक वाटतो. म्हणून हा धागा.

थेरोपोडा हे नाव ओथनिएल चार्ल्स मार्श यांनी १८८१ साली दिलं. त्या काळची रीत अशी, की काही ठळक लक्षणं सांगायची आणि ती ज्यात दिसतील ते सगळे प्राणी एका गटात घालायचे. पुढे फ्रीडरिश फॉन ह्युने या जर्मन अभ्यासकाने १९१४ आणि १९२० मध्ये या मांसाहाऱ्यांच्या दोन बाजू पाडल्या. लहान आणि नाजूक ते सीलुरोसॉरिया, मोठे आणि धिप्पाड ते कार्नोसॉरिया. ही वाटणी पुस्तकांतून कितीतरी दशकं टिकली. तिच्यात टिरॅनोसॉरस कार्नोसॉरियात होता आणि छोटा सीलोफायसिस सीलुरोसॉरियात. आज टिरॅनोसॉरस पक्ष्यांच्या जवळचा म्हणून सीलुरोसॉरियात गेला आहे, आणि सीलोफायसिस या दोन्हींत नाही. तो त्यांच्या कितीतरी आधी फुटलेल्या फांदीवर आहे.

आकारावरून गट पाडले की काय होतं, याचा दाखला आपल्याकडेही आहे. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवरची हाडं ह्युने आणि चार्ल्स मॅटली यांनी १९३३ मध्ये एका मोठ्या ग्रंथात वर्णन केली. मोठी हाडं, म्हणजे इंडोसुकस आणि इंडोसॉरस, एका बाजूला. लहान हाडं, म्हणजे लेविसुकस वगैरे, दुसऱ्या बाजूला. १९८५ मध्ये अर्जेंटिनात होसे बोनापार्ते आणि फर्नांदो नोव्हास यांनी अ‍ॅबेलिसॉरसचं वर्णन केलं, त्याच्यासाठी अ‍ॅबेलिसॉरिडी हे कुल उभं केलं, आणि मग हळूहळू उलगडलं की जबलपूरचा मोठा इंडोसुकस आणि छोटा लेविसुकस एकाच शाखेचे आहेत. ही शाखा सेराटोसॉरियाची. दक्षिणेकडच्या खंडांवर ती शेवटपर्यंत टिकून होती. इतक्या जवळच्या नातेवाइकांना पन्नास वर्षं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं, ते केवळ त्यांच्या आकारामुळे.

१९८६ मध्ये जाक गॉथिए यांच्या पक्ष्यांच्या उगमावरच्या निबंधाने गाडी वेगळ्या रुळावर आणली. त्यांचा आग्रह असा होता, की गट म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळेच्या सगळे वंशज. एकही वंशज वगळायचा नाही. अशा गटाला आता 'क्लेड' म्हणतात. या हिशेबाने पक्षीही थेरोपोडाच. आणि मग व्याख्येची भाषाच बदलली. 'ज्याला अमुक हाड तमुक आकाराचं आहे तो' असं म्हणण्याऐवजी ठरावीक जातींची नावं घेऊन वंशवृक्षावर खुंट्या ठोकायच्या.

याचे दोन प्रकार नेहमी भेटतात. पहिला असा: 'अ आणि ब यांचा सगळ्यात अलीकडचा समाईक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज'. दोन चुलत भावंडांचे आजोबा आणि त्या आजोबांची झाडून सगळी नातवंडं-पतवंडं, तसं. निओथेरोपोडाची व्याख्या या पद्धतीची आहे. पॉल सेरेनो यांनी १९९८ मध्ये एक खुंटी सीलोफायसिसवर ठोकली आणि दुसरी आजच्या पक्ष्यांवर. दुसरा प्रकार असा: 'ब पेक्षा अ ला जवळचे असलेले सगळे'. सीलोफायसॉइडिया म्हणजे सेराटोसॉरसपेक्षा सीलोफायसिसला जवळचे असलेले सगळे. इथे पूर्वज कोण ते सांगत नाही, फक्त फांदी कुठून आपली मानायची ते सांगतो.

आता खरी गंमत. व्याख्या ठरली म्हणून सदस्य ठरले, असं होत नाही. सदस्य कोण ते वंशवृक्ष सांगतो, आणि वंशवृक्ष हा अंदाज असतो, पुराव्यावर बांधलेला आणि पुराव्याने बदलणारा. हेरेरासॉरस घ्या. अर्जेंटिनातल्या सान हुआन प्रांतात, इस्किग्वालास्तोच्या ओसाड दरीत, सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तो सापडला. शोधून दिला व्हिक्टोरिनो हेरेरा या शेळ्या राखणाऱ्या माणसाने. ओस्वाल्दो राइग यांनी १९६३ मध्ये त्याच्याच नावाने या प्राण्याला ओळख दिली. पूर्ण कवटी मात्र १९८८ च्या मोहिमेत हाती लागली.

हाताचा पंजा पाहिला तर तीन लांब बोटं, वाकडी नखं, चौथं-पाचवं बोट खुरटलेलं. खालच्या जबड्याच्या मध्यावर सरकता सांधा, भक्ष्य धरून ठेवायला. हे सगळं थेरोपॉडाला शोभणारं. पण खुब्याशी या, तर खुब्याच्या हाडांना जोडलेले मणके फक्त दोन! सीलोफायसिस आणि पुढच्या मंडळींत ते सहसा पाच असतात. मग हा पहिल्या थेरोपॉडांपैकी एक, की थेरोपॉड आणि लांबमाने शाकाहारी वेगळे होण्याच्याही आधीचा? दोन्ही बाजूंना तोलामोलाचे अभ्यासक आहेत. व्याख्या पक्की असल्यामुळे वाद 'थेरोपोडा शब्दाचा अर्थ काय' यावर अडकून पडत नाही, तो हाडांवर होतो. मला या पद्धतीचं महत्त्व वाटतं ते यासाठी.

तुमची मतं, शंका येऊ द्या.

पावसाळी_ढग

सुंदर धागा. वाचतोय.

गोंडवन

बडा शिमलाचा उल्लेख वाचून बरं वाटलं. पण 'सुरुवातीचे मांसाहारी' म्हटलं तर आमच्या भागाचं नाव त्याहून आधी घ्यावं लागेल. मी सिरोंच्याकडचा. आमच्याकडून प्राणहिता वाहते, पलीकडे तेलंगण. तिथे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मालेरीचे लाल मातकट थर आहेत, ट्रायासिक काळातले. जबलपूरच्या थरांपेक्षा तब्बल पंधरा कोटी वर्षं जुने.

तिथल्या एका छोट्या प्राण्याला शंकर चटर्जी यांनी १९८७ मध्ये वॉकेरिया मालेरिएन्सिस असं नाव दिलं आणि तो थेरोपॉड मानला. पण वॉकेरिया हे नाव समुद्रातल्या एका ब्रायोझोआ प्राण्याला आधीच दिलेलं होतं. प्राण्यांच्या नावांत एक नाव दोघांना चालत नाही, आधीच्याचा हक्क. म्हणून १९९४ मध्ये ते अल्वॉकेरिया झालं. नावाचा प्रश्न मिटला, हाडांचा नाही. त्या नमुन्यात एकाहून जास्त प्राण्यांची हाडं मिसळली असावीत, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. मिसळलेल्या हाडांवरून काढलेलं नातं किती खरं मानायचं? त्यामुळे आता त्याला थेरोपॉड म्हणायला फारसं कुणी धजावत नाही.

सईची_आई

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, डायनोसॉर म्हणजे जीव की प्राण. ती शाळेसाठी तक्ता करतेय. एका पुस्तकात हेरेरासॉरस थेरोपॉड लिहिलाय, दुसऱ्यात नाही. ती मला विचारते, आई, खरं कोणतं? तिला काय सांगू?

नांगरट

थोडा वेगळा सूर लावतो. मी अनेक वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. कुल, गण, वर्ग अशी उतरंड आणि प्रत्येकाची लक्षणं, या पद्धतीत एक फार मोठी सोय होती. विद्यार्थ्याच्या हातात कवटी दिली की तो लक्षणं मोजून सांगू शकत होता. तुम्ही सांगता त्या व्याख्येत लक्षणच नाही! 'सेराटोसॉरसपेक्षा सीलोफायसिसला जवळचा' म्हणजे काय? हातात हाड घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे वाक्य काहीच सांगत नाही. शिवाय ज्या जातींवर खुंट्या ठोकल्या त्यांचीच हाडं अपुरी किंवा गोंधळाची निघाली तर अख्खा गट डळमळणार. हा आक्षेप मनापासून आहे, त्याचं उत्तर ऐकायची इच्छा आहे.

दगडफूल

नांगरट सर, आक्षेप रास्त आहे, आणि हा वाद अभ्यासकांतही झालेला आहे.

लक्षणं कुठे गेलेली नाहीत. व्याख्या वेगळी आणि ओळखखुणांची यादी वेगळी, इतकंच. हातातलं हाड ओळखायला लक्षणंच लागतात, वंशवृक्षही लक्षणांवरूनच बांधला जातो. फक्त लक्षण म्हणजेच गट, असं आता धरत नाहीत. त्याचं कारण सेराटोसॉरियातच आहे. गॉथिए यांनी १९८६ मध्ये सीलोफायसिस, डायलोफोसॉरस आणि सेराटोसॉरस एकत्र ठेवले होते. खुब्याची हाडं एकमेकांना सांधून एकजीव झालेली, घोट्याची हाडं जुळलेली, अशी लक्षणं तिघांत दिसत होती. मग कळत गेलं की हाडं सांधली जाणं हे प्राण्याच्या वयावर आणि वाढीवर बरंच अवलंबून असतं. पुढच्या विश्लेषणांत सीलोफायसिस आणि डायलोफोसॉरस दोघेही सेराटोसॉरसपासून सुटून वेगळे झाले. गटाची व्याख्या लक्षणावर असती तर 'सेराटोसॉरिया' नावच निकामी झालं असतं. 'पक्ष्यांपेक्षा सेराटोसॉरसला जवळचे' अशी व्याख्या असल्यामुळे नाव टिकलं, नको ते सदस्य आपोआप गळाले.

खुंट्यांबद्दल तुमची भीती अगदी खरी आहे. सेरेनो यांनी १९९८ मध्ये सीलोफायसिडी कुलाच्या व्याख्येत सीलोफायसिसबरोबर प्रोकॉम्प्सोग्नॅथस हा जर्मनीतला प्राणी धरला. हा अर्धवट सांगाडा. त्याच्याबरोबर ठेवलेली कवटी तर मगरीच्या नात्यातल्या एका प्राण्याची आहे, असं त्याआधीच, १९९२ मध्ये, स्वतः सेरेनो आणि रुपर्ट वाइल्ड यांनी मांडलं होतं. असा प्राणी वंशवृक्षावर इकडून तिकडे सरकला की कुलाची हद्दही त्याच्यामागे सरकते. म्हणून खुंटीसाठी जात निवडताना तिचा सांगाडा भरपूर आणि नीट अभ्यासलेला असावा, असा आता आग्रह असतो.

नांगरट

समाधान झालं असं म्हणणार नाही, पण वयाचा मुद्दा पटला. उंदरांच्या कवटीत मीही हे पाहिलंय, पिल्लाच्या आणि थोराड उंदराच्या शिवणी वेगळ्या दिसतात.

पुढचा प्रश्न. हे नियम ठरवतं कोण? आमच्या वेळी आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाची संहिता होती.

दगडफूल

ती आजही आहे, आणि जाती, प्रजाती व कुलांच्या नावांवर तिचाच अंमल चालतो. गोंडवन यांनी सांगितलेला वॉकेरियाचा निकाल त्याच नियमाचा. पण कुलाच्या वरच्या गटांना ती संहिता हात लावत नाही. थेरोपोडा, सॉरिस्किया, डायनोसॉरिया ही सगळी नावं इतकी वर्षं तशी मोकळीच होती. ज्याने त्याने आपापली व्याख्या केली. एका नावाच्या चार व्याख्या, आणि एका व्याख्येसाठी दोन नावं, असा प्रकार झाला होता.

यासाठी केव्हिन डी केरॉझ, फिलिप कँटिनो वगैरेंनी फायलोकोड ही वेगळी संहिता तयार केली. ती ३० एप्रिल २०२० पासून लागू झाली. तिच्यासोबत 'फायलोनिम्स' हा जाडजूड ग्रंथ आला, त्यात पहिल्या खेपेच्या व्याख्या आहेत. नवी व्याख्या करायची तर नोंदणीही करावी लागते. त्यात थेरोपोडाची व्याख्या अशी आहे: ज्यात अ‍ॅलोसॉरस फ्रॅजिलिस आहे, पण प्लेटिओसॉरस एंगेलहार्टी आणि हेटेरोडोंटोसॉरस टकी नाहीत, असा सर्वात मोठा क्लेड.

रुळानुरूळ

प्लेटिओसॉरस समजला, तो लांबमान्यांच्या बाजूचा. पण हेटेरोडोंटोसॉरस कशाला? तो तर पार वेगळ्या बाजूचा, ऑर्निथिस्किया, म्हणजे ट्रायसेराटॉप्ससारख्या शाकाहाऱ्यांच्या गटातला. थेरोपॉड त्याच्या जवळपासही नाहीत ना?

दगडफूल

फार चांगला प्रश्न. उत्तर २०१७ मध्ये आहे.

त्या वर्षी मॅथ्यू बॅरन, डेव्हिड नॉर्मन आणि पॉल बॅरेट यांनी 'नेचर'मध्ये निबंध छापला. शतकाहून जास्त काळ चालत आलेली मांडणी अशी, की थेरोपॉड आणि लांबमाने एका बाजूला, म्हणजे सॉरिस्किया, आणि ऑर्निथिस्किया दुसऱ्या बाजूला. त्यांच्या विश्लेषणात थेरोपॉड आणि ऑर्निथिस्किया जवळ आले, लांबमाने बाहेर पडले. या नव्या जोडीसाठी त्यांनी टॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८७० मध्ये दिलेलं ऑर्निथोस्केलिडा हे नाव पुन्हा वापरात आणलं. हेरेरासॉरस गेला लांबमान्यांच्या शेजारी!

आता जुन्या व्याख्या या झाडावर लावून बघा. थेरोपोडाची एक जुनी व्याख्या होती, 'सॉल्टासॉरस या लांबमान्यापेक्षा घरचिमणीला जवळचे सगळे'. ऑर्निथोस्केलिडा खरं धरलं तर ट्रायसेराटॉप्ससुद्धा सॉल्टासॉरसपेक्षा चिमणीला जवळचा ठरतो, आणि गवताझुडपावर जगणारा तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स थेरोपोडा होऊन बसतो. डायनोसॉरियाची तर त्याहून बिकट अवस्था. जुनी व्याख्या, ट्रायसेराटॉप्स आणि पक्षी यांचा समाईक पूर्वज आणि त्याचे वंशज. नव्या झाडावर लांबमाने या गटाच्या बाहेर पडतात, म्हणजे डिप्लोडोकस डायनोसॉर नाही! म्हणून बॅरन आणि मंडळींना डायनोसॉरियाच्या व्याख्येत डिप्लोडोकस मुद्दाम घालावा लागला. फायलोनिम्समध्ये तेच दुसऱ्या जाती वापरून केलं आहे, इग्वानोडॉन, मेगालोसॉरस आणि सेटिओसॉरस, तिन्ही शाखांचा एकेक प्रतिनिधी. झाड कसंही फिरलं तरी तिघेही आत.

हेटेरोडोंटोसॉरस थेरोपोडाच्या व्याख्येत आहे तो याच काळजीपोटी. कुठलंही झाड खरं निघो, शाकाहारी ऑर्निथिस्किया थेरोपोडात शिरणार नाहीत.

मॅक्स लँगर आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी त्याच वर्षी त्याच आकडेवारीची फेरतपासणी करून उत्तर दिलं. त्यांना जुनीच मांडणी मिळाली, पण फार थोड्या फरकाने. माझं मत विचाराल तर मी जुन्या मांडणीकडे झुकतो. ट्रायासिकमधले ऑर्निथिस्किया जवळजवळ सापडतच नाहीत, आणि ज्या फांदीचं बूडच हाती नाही तिच्यासाठी सगळं झाड हलवावं असं मला वाटत नाही.

अल्बुकर्कीहून

न्यू मेक्सिकोत राहते, त्यामुळे सीलोफायसिसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो आमच्या राज्याचा अधिकृत जीवाश्म आहे.

वर सगळेजण ज्या सीलोफायसिसवर खुंटी ठोकताहेत, ती खुंटीच एकदा उपटून पुन्हा ठोकलेली आहे. एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८८७ मध्ये डेव्हिड बाल्डविन यांनी गोळा केलेल्या काही तुटक्या हाडांवर ही जात उभी केली. आधी तिला सीलुरस म्हटलं, मग टॅनिस्ट्रोफियस, आणि १८८९ मध्ये सीलोफायसिस. पुढे १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या एडविन कोलबर्ट यांच्या चमूला घोस्ट रँचला एकावर एक पडलेल्या सांगाड्यांची खाणच लागली. माना मागे वळलेल्या, शेपट्या एकमेकांत अडकलेल्या, मोठे आणि पिल्लं सगळी एकत्र. जगाला ठाऊक असलेला सीलोफायसिस तो हा.

पण कोप यांची तुटकी हाडं आणि घोस्ट रँचचे सांगाडे एकाच जातीचे कशावरून? ती हाडं इतकी त्रोटक की ताळा करून बघताच येईना. म्हणून १९९१ मध्ये एड्रियन हंट आणि स्पेन्सर लुकास यांनी घोस्ट रँचच्या प्राण्यांना रिओअरिबासॉरस असं नवं नाव दिलं. नियमाने बघितलं तर त्यांच्या म्हणण्यात वजन होतं. पण दुसऱ्या बाजूला कितीतरी वर्षांचं लेखन सीलोफायसिस या नावाखाली होतं. प्रकरण नामकरण आयोगाकडे गेलं आणि १९९६ मध्ये आयोगाने आपले अधिकार वापरून कोप यांचा मूळ नमुना बाजूला ठेवला, घोस्ट रँचचा एक उत्तम सांगाडा त्याच्या जागी नेमला. आता सीलोफायसिस म्हणजे काय, ते त्या सांगाड्यावरून ठरतं. नाव वाचलं, आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या निओथेरोपोडा, सीलोफायसॉइडिया या सगळ्या व्याख्याही. निवाड्यावर टीका झाली, पण मला तो योग्य वाटतो.

भुंगेरा

सीलोफायसिसचा आफ्रिकेतला भाऊबंद राहिला. झिम्बाब्वेत सापडलेल्या प्राण्याला मायकेल राथ यांनी १९६९ मध्ये सिंटार्सस नाव दिलं. ते नाव एका भुंग्याला १८६९ मध्येच दिलेलं निघालं! २००१ मध्ये कीटकशास्त्रज्ञांनीच परस्पर डायनोसॉरला मेगाप्नोसॉरस हे नवं नाव देऊन टाकलं. नियमात ते बसतं, पण राथ यांना विचारायला हवं होतं, असं अनेक पुराजीवशास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं. मी स्वतः कीटक अभ्यासतो, आणि मलाही तसंच वाटतं. ज्याने प्राणी शोधला, वर्णन केला, त्याला नाव दुरुस्त करायची संधी आधी मिळावी. आता बरेच जण त्या जातीला सीलोफायसिस प्रजातीतच धरतात.

दगडफूल

@सईची_आई, तुमचा प्रश्न मागे राहिला होता. सईला सांगा की दोन्ही पुस्तकांनी लिहिताना समोर असलेल्या वंशवृक्षाप्रमाणे लिहिलंय. तक्त्यावर हेरेरासॉरसची फांदी थेरोपोडाच्या बुंध्याशी तुटक रेषेने जोडायला सांगा. शास्त्रज्ञांच्या आकृत्यांतही अनिश्चित जागा अशाच दाखवतात. आणि थेरोपोडाच्या फांदीच्या टोकावर चिमणी काढायला विसरू नका म्हणावं.

सईची_आई

तुटक रेष तिला फार आवडली! आता ती विचारतेय, भारतात हेरेरासॉरस होता का.

गोंडवन

हो, त्याचा नातेवाईक होता! मगाशी हेच लिहायचं राहिलं होतं. मालेरीच्या वरच्या थरांतून, अन्नारम गावाजवळ, खुब्याची हाडं आणि काही मणके मिळाले होते. २०२५ मध्ये मार्टिन एझकुरा, नोव्हास, चटर्जी आणि इतरांनी त्यांना मालेरिरॅप्टर कुट्टी हे नाव दिलं. हे नाव कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे टी. एस. कुट्टी यांच्या सन्मानार्थ आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात त्यांनी फार मोठं काम केलं. वय सुमारे २२ कोटी वर्षं, म्हणजे हेरेरासॉरसच्या बऱ्याच नंतरचा.

रुळानुरूळ

मग तो हेरेरासॉरिडीत धरायचा का?

गोंडवन

नाही, आणि इथे वरची सगळी चर्चा कामाला येते. नोव्हास यांची १९९२ ची व्याख्या पहिल्या प्रकारची आहे. हेरेरासॉरस आणि ब्राझीलचा स्टॉरिकोसॉरस यांचा समाईक पूर्वज आणि त्याचे वंशज, म्हणजे हेरेरासॉरिडी. मालेरिरॅप्टर त्या पूर्वजाच्याही आधी फुटलेला निघाला, त्यामुळे तो कुलाच्या बाहेर राहतो. पण हेरेरासॉरसच्या बाजूची अख्खी फांदी धरणारा जो मोठा गट आहे, हेरेरासॉरिया, त्यात तो बसतो. सईच्या तक्त्यावर त्याची फांदी हेरेरासॉरसच्या खाली, त्याच तुटक रेषेवर काढा.